एका व्यंगचित्रकाराचें घर

संग्रहालय हा शब्द उच्चारला कीं आपल्या घरांतील वडीलधाऱ्या माणसांच्या डोळ्यांपुढें कांहीं ठराविक वस्तु उभ्या राहतात. गंजलेल्या तलवारी, नाणीं, ताम्रपट, नाक तुटलेल्या मूर्ति, एखाद्या सरदाराची पालखी. ह्या सर्व वस्तूंचा एक गुण समान असतो. त्या टिकाऊ द्रव्याच्या असतात आणि आपल्या धन्यापेक्षां अधिक जगलेल्या असतात. जें टिकतें तें जतन करावें, अशी आपली साधी समजूत आहे. परंतु जें मुळांत टिकण्यासाठीं निर्माणच झालें नाहीं, सकाळीं दारांत पडून दुसरे दिवशीं वाण्याच्या पुडीला किंवा फडताळाच्या तळाशीं जावें एवढेंच ज्याचें आयुष्य, अशा वस्तूसाठीं पुण्यासारख्या नगरीनें स्वतंत्र वास्तु उभारावी, ही गोष्ट क्षणभर थांबून विचार करण्याजोगी आहे. ती वस्तु म्हणजे वृत्तपत्रांतील व्यंगचित्र, आणि ती वास्तु म्हणजे बालेवाडी येथील आर. के. लक्ष्मण कलादालन व संग्रहालय. ६ मार्च २०२२ रोजीं पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. ज्या गृहस्थानें उभें आयुष्य पंतप्रधानांचीं नाकें आणि टोप्या रेखाटण्यांत घालविलें, त्याच्या घराचें दार पंतप्रधानांनीं उघडावें, ह्यांतला विनोद स्वतः लक्ष्मणांनाच सर्वांत आधीं दिसला असता.

एकाच चित्रकाराला वाहिलेलें संग्रहालय आपल्या प्रांतांत विरळाच. कोल्हापुरास चित्रपटनट व चित्रकार चंद्रकांत मांढरे यांचें आहे, आणि ज्यांना निसर्गचित्रांची आवड असेल त्यांनीं तें अवश्य पाहावें. तथापि ज्याचें चित्र लक्षावधि घरांनीं चहाच्या कपाबरोबर रोज पाहिलें आणि ज्याच्यासाठीं कोणालाही चित्रकला शिकावी लागली नाहीं, अशा लोकप्रिय कलावंताचें घर पाहण्यांत एक निराळीच जिज्ञासा असते. आपण पाहावयास जातों तें चित्रकाराला कीं आपल्यालाच, हा प्रश्न तेथें मनांत उभा राहतो.

घरांतील मुलांना कळावें म्हणून त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगतों. रासीपुरम् कृष्णस्वामी लक्ष्मण यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९२१ रोजीं म्हैसूर येथें झाला. वडील मुख्याध्यापक होते. थोरले बंधु आर. के. नारायण हे पुढें इंग्रजी कादंबरीकार म्हणून जगन्मान्य झाले. घरीं येणाऱ्या इंग्रजी मासिकांतील चित्रें हा मुलगा अक्षरओळख होण्यापूर्वींच पाहत बसे, आणि मग जमीन, भिंत, दार असें जें हातीं लागेल त्यावर स्वतः काढीत असे. शाळेंत एकदां गुरुजींनीं पिंपळाचें पान काढावयास सांगितलें. ह्याचें पान पाहून त्यांनीं शाबासकी दिली, आणि त्या दिवसापासून आपण चित्रकार होणार असें ह्या मुलाच्या मनानें घेतलें. ही हकीकत त्यांनीं स्वतः सांगितली आहे. डेव्हिड लो ह्या सुप्रसिद्ध व्यंगचित्रकाराचीं चित्रें त्या काळीं मद्रासच्या ‘हिंदु’ पत्रांत अधूनमधून येत. त्याची सही हा बालक पुष्कळ दिवस ‘काऊ’, म्हणजे गाय, अशी वाचीत असे. गायीला एवढीं सुरेख चित्रें काढतां येतात ह्याचें त्याला नवल वाटलें असल्यास तेंही त्या वयाला शोभणारेंच होतें.

पुढें शालेय शिक्षण आटोपल्यावर त्यांनीं मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेकडे अर्ज केला. संस्थेंत प्रवेश देण्याजोगी गुणवत्ता आपल्या चित्रांत आढळत नाहीं, असें उत्तर आलें. तेव्हां ते म्हैसूर विश्वविद्यालयाचे बी. ए. झाले आणि चित्रें काढीतच राहिले. मुंबईस ‘फ्री प्रेस जर्नल’ मध्यें नोकरी लागली. तेथें बाळ ठाकरे हे त्यांचे सहकारी होते. १९४७ सालीं ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’ मध्यें गेले आणि पन्नासांहून अधिक वर्षें त्याच पत्रांत राहिले. १९५१ सालीं ‘यू सेड इट’ ही लहानशी चौकट सुरू झाली. त्या चौकटीच्या एका कडेला चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा, टोंकदार नव्हे तर बुटक्या मिशा आणि टकलाच्या मागें उडणारे चार पांढरे केस, असा एक गृहस्थ येऊन उभा राहिला. त्याला नांव नाहीं. त्याला ‘कॉमन मॅन’, म्हणजे सामान्य माणूस, एवढेंच म्हणतात. १९८४ सालीं लक्ष्मणांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें, २००५ सालीं पद्मविभूषण. २६ जानेवारी २०१५ रोजीं, ऐन प्रजासत्ताकदिनीं, पुण्यांत त्यांचें निधन झालें.

आम्हां मराठवाड्याच्या लोकांना १९५१ ह्या सालाचें थोडें अधिक अगत्य वाटावें. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा प्रदेश निजामाच्या अंमलाखालीं होता. त्यानंतर तीन वर्षांनीं, १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकींत, आमच्या वडीलधाऱ्यांनीं आयुष्यांत प्रथमच अशा निवडणुकींत मत दिलें. म्हणजे जो ‘सामान्य माणूस’ मुंबईच्या पत्रांत नुकताच जन्मला होता, तो आमच्या नांदेडांतही त्याच सुमारास जन्माला येत होता. त्यापूर्वीं येथें रयत होती, नागरिक नव्हता. मुंबईचीं पत्रें आमच्या गांवीं शिळीं होऊन पोंचत, इंग्रजी वाचणारीं घरें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं, तरीही शाळेच्या वाचनालयांत त्या चौकटीभोंवतीं दोन-चार डोकीं नेहमीं असत. मथळा न समजतांही चेहरा समजत असे.

यंदाच्या हिंवाळ्यांत पुतण्याच्या सासुरवाडीकडील एका मंगलकार्यासाठीं पुण्यास जाण्याचा योग आला. नांदेडाहून परळी, लातूर, कुर्डुवाडी ह्या वाटेनें रात्रभर आगगाडी चालते. सकाळीं पुण्यास उतरलों. दुसरे दिवशीं मोकळा वेळ होता, तेव्हां मी, माझी पत्नी, धाकटा भाऊ, पुतण्या आणि पुतण्याची मुलगी असे पांच जण बालेवाडीस गेलों. नात सोळा वर्षांची आहे. अकरावीला शास्त्रशाखेंत असून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वर्गाला जाते. ज्यांना नांदेड-लातुराकडील वारें ठाऊक आहे त्यांना एवढ्यावरून पुढील सर्व कल्पना यावी. आमच्या ह्या दोन शहरांत पहांटे पांचापासून मुलें पाठीवर दप्तर घेऊन सायकलीवर निघतात, आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द आतां साऱ्या महाराष्ट्राच्या कोशांत जाऊन बसला आहे.

संग्रहालयाचें मुख्य आकर्षण म्हणजे मालगुडी गांवाची लहानशी प्रतिकृति. मालगुडी हें गांव भूगोलांत नाहीं. नारायणांनीं तें १९३५ सालच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ह्या कादंबरींत प्रथम वसविलें आणि पुढील कथांतून लक्ष्मणांच्या रेषांनीं त्याला घरें, ओटे व माणसें दिलीं. १९८६ च्या सुमारास दूरदर्शनवर जी मालिका आली, तिच्यामुळें तें अवघ्या देशाचें आजोळ झालें. एका भावानें गांव लिहावें आणि दुसऱ्यानें तें काढावें, हा बंधुप्रेमाचा प्रकार एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आपणां सर्वांस विशेष भावण्यासारखा आहे. प्रतिकृतीला प्रकाश व ध्वनि यांची जोड दिलेली आहे. लहान मुलें तेथें रमतात आणि रमावींच. परंतु माझ्या मतें ह्या वास्तूचा खरा प्राण तेथें नसून भिंतींवरील काळ्या-पांढऱ्या चौकटींत आहे, आणि तेथेंच आमच्या घरांत वाद सुरू झाला.

शिध्याच्या टंचाईवरील एका जुन्या चित्रापुढें नात बराच वेळ उभी राहिली आणि मग मला म्हणाली, “आजोबा, चित्र सुरेख आहे. पण ह्यांत हंसायचं काय?”

तिचा प्रश्न रास्त होता. मी उत्तर देणार तोंच माझा भाऊ पुढें झाला. त्यानें तिला १९७२ च्या दुष्काळाची हकीकत सांगितली. अमेरिकेंतून आलेली ती तांबडी मिलो ज्वारी, तिच्या न फुगणाऱ्या भाकऱ्या, दुष्काळी कामावर वांटली जाणारी सुकडी, शिधापत्रिका घेऊन पहांटेपासून धरलेली रांग, आणि रांगेच्या तोंडाशीं पोंचल्यावर लागलेली पाटी. तो बोलत होता आणि नात चित्राकडे पाहत होती. एका क्षणीं तिच्या ओंठांच्या कडा हालल्या. तिला विनोद कळला होता.

संस्कृत शिकविणाऱ्या माणसाला येथें मल्लिनाथ आठवावा हें स्वाभाविक आहे. कालिदासाचें काव्य स्वयंप्रकाशी खरें. परंतु मल्लिनाथाची टीका हाताशीं नसती तर आमच्या कित्येक पिढ्या पहिल्याच सर्गांत अडकून पडल्या असत्या. व्यंगचित्राची स्थिति तर याहून बिकट आहे. काव्य शतकें टिकावें म्हणून लिहिलेलें असतें. व्यंगचित्र आजच्या बातमीवर आजच हंसावें म्हणून काढलेलें असतें. बातमी विझली कीं तें चित्र दुर्बोध होतें. दूरध्वनीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहणें, स्कूटर घरीं येण्यापूर्वीं मुलगा उपवर होणें, परवान्यासाठीं कचेऱ्या झिजविणें, ह्या गोष्टी आजच्या मुलांना पौराणिक वाटतात. म्हणून अशा संग्रहालयाला टीकाकार हवा. भिंतीवर चार ओळींची माहिती लावून तें काम पुरें होत नाहीं. तें काम घरांतल्या आजोबा-आजींचें आहे. मुलांना तेथें एकटें धाडूं नये, आणि वृद्धांनींही एकट्यानें जाऊं नये. टीका आणि मूळ ग्रंथ एकत्र बांधलेले असले म्हणजेच पोथी पुरी होते.

चौकटी पाहत पुढें जातांना सौभाग्यवतींनीं एक मार्मिक शेरा मारला. त्या म्हणाल्या, “अहो, हा गृहस्थ कधींच बोलत नाहीं. बोलते ती त्याची बायको!” आणि खरोखरच तसें आहे. ह्या माणसानें अर्धशतकांत तोंड उघडलें नाहीं. मंत्री बोलतात, अधिकारी बोलतात, शेजारी बोलतात, त्याची चौकड्यांच्या लुगड्यांतली धर्मपत्नी तर स्पष्टच बोलते. हा मात्र भुंवया वर करून पाहत असतो. संस्कृत नाटकांतील विदूषक ह्याच्या अगदीं उलट. मृच्छकटिकांतला मैत्रेय काय, शाकुंतलांतला माढव्य काय, त्यांच्या जिभेला विसांवा नाहीं. राजाच्या जवळ राहून, लाडू खाऊन, मोकळें बोलण्याची त्यांना सनद होती. आमच्या ह्या सामान्य माणसाला राजाजवळ जागा आहे, परंतु लाडू नाहीं आणि सनदही नाहीं. त्याला एकच अधिकार आहे, तो म्हणजे साक्षीचा. मुंडकोपनिषदांत एकाच वृक्षावरील दोन पक्ष्यांचें रूपक आहे. एक फळें खातो, दुसरा न खातां नुसता पाहतो. लक्ष्मणांनीं त्या दुसऱ्या पक्ष्याला चष्मा आणि धोतर दिलें, असें म्हटल्यास उपनिषदांचा अधिक्षेप होणार नाहीं, अशी आशा आहे. मात्र एक फरक आहे. उपनिषदांतला पक्षी तृप्त आहे म्हणून खात नाहीं. ह्याच्या वांट्याला फळच येत नाहीं. त्यांचें एक प्रसिद्ध चित्र असें आहे कीं, चंद्रावर धाडण्यासाठीं योग्य मनुष्य म्हणून शास्त्रज्ञ ह्यालाच निवडतात, कारण अन्न, पाणी, उजेड, निवारा ह्यांतलें कांहीं नसतांना जगण्याचा ह्याला सराव आहे.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत हंसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित व हसित हे उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित व उपहसित मध्यमांचे, अपहसित व अतिहसित अधमांचे. स्मितांत गाल किंचित् फुलतात व दांत दिसत नाहींत. पुढें पुढें आवाज वाढत जातो, आणि शेवटच्या प्रकारांत डोळ्यांना पाणी येतें व माणूस अंग धरून राहतो. हास्याचें कारण म्हणून मुनींनीं आकृतीची व वेषाची विकृति सांगितली आहे. व्यंगचित्र म्हणजे तरी दुसरें काय? लांब नाक अधिक लांब, रुंद जिवणी अधिक रुंद. परंतु विकृतीचें माप कोठें थांबवावें, ह्यांतच कलावंताचें शील दिसतें. लक्ष्मणांच्या चित्रांत माणसाचें नाक वाढतें, पण त्याची माणुसकी कापली जात नाहीं. तीं पाहून मनुष्य खदखदून हंसत नाहीं; तो स्मित करतो, आणि पान उलटल्यावर विचारांत पडतो. रोज सकाळीं अवघ्या राष्ट्राला स्मित करावयास लावणें, आणि तेंही पन्नास वर्षें, ही कांहीं सामान्य माणसाची कामगिरी नव्हे.

आतां एका आक्षेपाचा विचार करावयास हवा. तो माझ्या पुतण्यानें तेथेंच काढला. तो म्हणाला, “काका, मोठे चित्रकार एक चित्र काढतात आणि तें एकच असतं. हें तर रोज लाखों प्रती छापलेलं. आणि ह्यांनीं रंगाच्या डब्यांच्या जाहिरातीही केल्या. मग कला आणि धंदा ह्यांत भेद काय उरला?” त्याचा रोख ‘गट्टू’कडे होता. हातांत रंगाची बादली व कुंचला घेतलेला, कपाळावर केस आलेला तो खोडकर पोरगा लक्ष्मणांनीं १९५४ सालीं एशियन पेंट्ससाठीं काढला, आणि पुढें जवळजवळ अर्धशतक तो गांवोगांवच्या दुकानांवर हंसत बसला. सामान्य माणसाचीही तीच गत झाली. १९८८ सालीं तो टपालाच्या तिकिटावर चढला, पुण्यांतच सिंबायोसिस संस्थेंत ब्राँझचा होऊन उभा राहिला, एका विमानकंपनीचें बोधचिन्हही झाला.

ह्या आक्षेपाला आपल्याच प्रांतांत एक जुनें उत्तर आहे. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि १९७२ सालीं आगींत भस्म झाला. त्या छापखान्यांतून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनीं आपल्या देवघरांचें रूप ठरविलें. आज आपण डोळे मिटले असतां जी सरस्वती दिसते, ती बहुधा मळवलीची असते. लक्षावधि प्रती निघाल्या म्हणून तिच्यावरची भक्ति कांहीं पातळ झाली नाहीं. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगांवकर यांनीं दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांतून व दिनदर्शिकांतून तेंच कार्य पुढें चालविलें. प्रत एक असो वा लाख, पाहणाऱ्याच्या मनांत ती प्रत्येक वेळीं एकच उमटते.

पश्चिमेकडेही हाच प्रश्न निराळ्या रीतीनें उपस्थित झाला. अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें अँडी वॉर्हॉल ह्या एकट्या चित्रकाराचें सात मजली संग्रहालय आहे. तें १९९४ सालीं उघडलें. वॉर्हॉल हा स्थलांतरित मजुराचा मुलगा. आरंभीं जाहिरातींचीं चित्रें काढून त्यानें पोट भरलें. १९६२ सालीं त्यानें बाजारांत मिळणाऱ्या सूपच्या डब्यांचीं बत्तीस चित्रें मांडलीं, जेवढे सूपचे प्रकार तेवढीं चित्रें, आणि कलेच्या जगांत खळबळ उडवून दिली. ह्या पंथाला ‘पॉप आर्ट’ म्हणतात. ह्याच गृहस्थानें आपल्याकडे येणारीं पत्रें, कात्रणें, पावत्या, छायाचित्रें खोक्यांत भरून ठेवण्याचा परिपाठ ठेविला. तशीं सहाशेंहून अधिक खोकीं त्या संग्रहालयांत आहेत व विद्वान लोक तीं उघडून त्यांची नोंद करतात. पिट्सबर्गचा कलावंत आणि म्हैसूरचा कलावंत, दोघांनींही बाजार पाहिला. परंतु एकानें बाजारांतला डबा काढला, आणि दुसऱ्यानें तो डबा हातांत घेऊन किंमत वाचणारा व हळूच परत ठेवणारा माणूस काढला. दोन देशांच्या स्थितींतला भेद ह्याहून थोडक्यांत सांगतां येणार नाहीं.

व्यापाराचा आक्षेप मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाहीं. दुसरा एक धोका मात्र खरा वाटतो. व्यंगचित्राला नांगी असते. तें चौकटींत घालून, दिव्याखालीं टांगून, त्याला आपण वंदन केलें कीं नांगी बोथट होते. कालच्या मंत्र्यावर हंसण्यास धैर्य लागत नाहीं. मेलेल्या विनोदकाराला सर्व पक्ष हार घालतात. जिवंत विनोदकाराला सोसणें कठीण जातें. म्हणून अशा ठिकाणाहून बाहेर पडतांना प्रत्येक कुटुंबप्रमुखानें स्वतःला विचारावें, आपल्या घरांत जेवतांना आपल्यावर विनोद करण्याची मुभा लहानांना आहे काय? नसेल तर ते तिकिटाचे पैसे वायां गेले.

ह्या प्रश्नाला आमच्या घरांत उत्तर देण्याची वेळ अपेक्षेपेक्षां लवकर आली. त्याच रात्रीं नातीनें आपली भौतिकशास्त्राची वही बापापुढें ठेविली. प्रत्येक पानाच्या समासांत चित्रें होतीं. कावळ्यांच्या रूपांत वर्गाचे शिक्षक, घड्याळाच्या कांट्याला लोंबकळणारीं मुलें, आणि एका पानावर चष्मा पुढें ओढून वृत्तपत्र उलटें धरलेला एक वृद्ध, ज्याच्याशीं माझें साम्य सर्वांना ताबडतोब दिसलें. लक्ष्मणांना कावळ्यांचें मोठें वेड होतें आणि त्यांनीं कावळ्यांचीं पुष्कळ चित्रें काढलीं, हें तिला संग्रहालयांत जाण्यापूर्वींपासून ठाऊक होतें. ती एवढेंच म्हणाली, “बाबा, मला परीक्षा द्यायची आहे. पण ती झाल्यावर काय करायचं, तें अजून ठरवायचं नाहीं.”

पुतण्या रागावला नाहीं, परंतु गप्प झाला. त्याची काळजी मी हलकी मानीत नाहीं. वर्गाचें शुल्क भरलेलें आहे, शेजारच्या दोन घरांतील मुलें डॉक्टर झालीं आहेत, आणि चित्रकलेवर घर चालत नाहीं हा अनुभव आपल्या समाजांत पिढीजात आहे. जे. जे. नें नाकारलेला मुलगा लक्ष्मण झाला, ही कथा सांगून बापाला गप्प करणें सोपें आहे. तें प्रामाणिक नाहीं. नाकारलेल्या हजारोंपैकीं एक लक्ष्मण होतो. शिवाय लक्ष्मणांनीं बी. ए. ही पदवी घेतली होती, आणि वृत्तपत्राची नोकरी इमानानें केली होती. पन्नास वर्षें रोज ठराविक वेळेला चित्र हजर करणारा माणूस लहरी कलावंत नसतो. तो कामगार असतो. २००३ सालीं पक्षाघाताचा झटका येऊन डावी बाजू अधू झाली, तरी त्यांचें चित्रांशीं नातें सुटलें नाहीं. मुलांनीं त्या चरित्रांतून बंड उचलावें त्यापेक्षां ही नियमितता उचलावी, असें मला वाटतें.

परंतु त्या चरित्रांत वडीलधाऱ्यांसाठींही एक धडा आहे, आणि तो पिंपळाच्या पानाचा. त्या म्हैसूरच्या गुरुजींनीं मुलाला चित्रकार केलें नाहीं, त्याच्यासाठीं पैसे खर्चिले नाहींत, त्याच्या भवितव्याची हमी घेतली नाहीं. त्यांनीं फक्त पान पाहिलें आणि तें चांगलें आहे असें म्हटलें. एवढें करावयास कोणत्या बापाला खर्च येतो? कलाशाळेच्या नकारानें जें मोडलें नाहीं, तें आधींच्या त्या एका शाबासकीनें घट्ट झालेलें होतें. आपल्या घरांत बहुधा क्रम उलटा असतो. नकार घरांतून आधीं मिळतो, आणि शाबासकी बाहेरून मिळाली तर उशीरां मिळते.

मीं पुतण्याला जें सांगितलें तें येथें लिहितों, कारण आमच्यासारखीं घरें पुष्कळ असतील. परीक्षा ठरल्याप्रमाणें द्यावी. चित्र काढणें हें परीक्षेनंतरचें बक्षीस म्हणून टांगून ठेवूं नये. रोज अर्धा तास, संध्येसारखें, ठराविक वेळीं व्हावें. समासांत चोरून काढण्याऐवजीं स्वतंत्र वही असावी. राज्य शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या चित्रकलेच्या परीक्षा आहेत, उपयोजित कलेचें पदवीशिक्षण देणाऱ्या शासकीय संस्था आहेत, त्यांच्या प्रवेशाची माहिती आतांच काढून ठेवावी. निर्णय मागाहून घ्यावा. माहितीशिवाय दिलेला नकार म्हणजे न वाचतां तपासलेली उत्तरपत्रिका. पुतण्यानें अजून होकार दिलेला नाहीं. परंतु नांदेडास परत आल्यावर त्यानें जाड कागदाची एक वही आणली आणि कांहीं न बोलतां ती जेवणाच्या टेबलावर ठेविली, एवढें खरें.

शेवटीं वाचकांस दोन विनंत्या. पुण्यास जाणें झाल्यास हें स्थळ पाहावें, आणि तीन पिढ्यांनीं मिळून पाहावें. चित्रापुढें उभें राहून आधीं मुलांना बोलूं द्यावें, मग वृद्धांनीं टीका सांगावी. दुसरी गोष्ट घरच्या फडताळाची. मराठवाड्यांतील कित्येक जुन्या घरांत अजून रविवर्म्याच्या छापखान्याचें एखादें चित्र, दलालांच्या मुखपृष्ठाचा एखादा दिवाळी अंक, गांवच्या पेंटरनें रंगविलेली दुकानाची पाटी, शाळेचें हस्तलिखित मासिक धूळ खात पडलेलें असेल. दिवाळीच्या आवराआवरींत तें रद्दीवाल्याच्या तराजूंत घालण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावें, मागें पेन्सिलीनें साल व कोणी आणलें त्याचें नांव लिहावें, आणि ओल न लागेल अशा एका खोक्यांत ठेवावें. संग्रहालय उभारण्यास नगरपालिका लागते. खोकें ठेवण्यास घरांतलें एक माणूस पुरतें.